जपानमध्ये चष्मा सोपा, जेवण अवघड

परदेशी मुलाबाळांकडे राहायला निघालेल्या आमच्या वयाच्या माणसांना जे सल्ले मिळतात, त्यांत औषधे, लोणची आणि स्वेटर यांचीच भरती असते. चष्मा आणि बाहेरचे जेवण यांबद्दल फारसे कोणी बोलत नाही. आणि मला तर वाटते की परक्या देशात माणसाची खरी गाठ याच दोन गोष्टींशी पडते. आमची मुलगी नोकरीनिमित्त जपानमधल्या नागोया शहरात राहते. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावी आमचे कृषी केंद्र आहे. तूर विकून झाली की मृगापर्यंत दुकानात गिऱ्हाईक फारसे फिरकत नाही, म्हणून होळी आटोपून आम्ही दोघे तिच्याकडे गेलो आणि बियाण्यांची लगबग सुरू होण्याच्या आत परतलो. तिथे मला चष्मा बदलायचा होता, आणि माझे यजमान माळकरी असल्याने त्यांना जेवायचे होते. दोहोंपैकी चष्मा सोपा निघाला आणि जेवण अवघड.

आमच्याकडे चष्मा घेणे म्हणजे तालुक्याच्या दुकानात जाणे, यंत्रावर डोळे दाखवणे, पाटीवरची अक्षरे वाचणे, फ्रेम निवडणे आणि त्यानंतर हिशोबाला बसणे. फ्रेमचे वेगळे, काचेचे वेगळे, कोटिंगचे वेगळे, काच पातळ हवी तर आणखी वेगळे. एकूण आकडा ऐकला की ‘जरा वाजवी लावा जी’ म्हणायचे आणि दुकानदाराने त्याचसाठी चढवून ठेवलेले दोनशे रुपये उतरवायचे. काच नागपूरहून येते, तोवर जुन्याच चष्म्यावर भागवायचे. यात कोणी कोणाला फसवते असे नाही, पण नेमके किती द्यावे लागणार हे शेवटपर्यंत कळत नाही.

जपानमध्येही पूर्वी चष्मा ही महागाची वस्तू होती. २००१ साली झोफ आणि जिन्स या दोन नावांची दुकाने सुरू झाली आणि त्यांनी हा व्यवहार बदलून टाकला. फ्रेम आपणच बनवून घ्यायची, आपल्याच दुकानात विकायची आणि फ्रेमवर जी चिठ्ठी लावायची तिच्यात काचेचीही किंमत धरायची, अशी ही पद्धत आहे. दूरच्या किंवा जवळच्या साध्या नंबराची काच त्यात येते. दूरचे-जवळचे दोन्ही दाखवणारी प्रोग्रेसिव्ह, रंगीत किंवा उन्हात काळी पडणारी काच हवी असेल तरच वरचे पैसे द्यावे लागतात आणि तेही भिंतीवर लिहिलेले असतात. शिवाय तिथे १० टक्के उपभोग कर आहे, आणि २०२१ च्या एप्रिलपासून करासकटची किंमत लिहिणे दुकानदारांना बंधनकारक आहे. त्यामुळे चिठ्ठीवर जो आकडा, तोच गल्ल्यावर. यजमानांना मात्र ही सोय फारशी रुचली नाही. भाव न करता घेतलेली वस्तू त्यांना पचत नाही, मग ती पाव किलो मिरची असो की चष्मा.

अशाच एका दुकानात आम्ही गेलो. डोळे तपासायला आधी जे यंत्र आले ते पाहून मला घरच्यासारखे वाटले. त्यात हनुवटी टेकवली की लांब सरळ रस्ता दिसतो, रस्त्याच्या टोकाला गरम हवेचा फुगा तरंगत असतो आणि तो कधी धूसर, कधी स्वच्छ होतो. हाच फुगा मी दारव्ह्याला वर्षानुवर्षे पाहत आले आहे. तिथल्या यंत्रावर नायडेक असे नाव आहे, आणि ही कंपनी गामागोरीची, म्हणजे नागोया ज्या आयची प्रांतात आहे त्याच प्रांतातली, हे मुलीने तिथे सांगितले.

पुढे पाटी वाचण्याची वेळ आली. आपल्याकडे पाटीवर देवनागरी अक्षरे असतात, नाहीतर चहूकडे तोंडे फिरवलेला इंग्रजी ई असतो. जपानी पाटीवर अक्षर नव्हतेच. तिथे फक्त गोल कडी असते, तिला एका बाजूला फट असते आणि ती फट वर आहे की खाली, डावीकडे आहे की उजवीकडे, एवढेच सांगायचे असते. एडमुंड लँडोल्ट नावाच्या नेत्रवैद्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही कडी काढली. मी बोट वर केले, खाली केले, उजवीकडे नेले. तपासणारी पोरगी प्रत्येक वेळी ‘हाय’, म्हणजे ‘हो’, म्हणून मान लववायची आणि पुढची, आणखी बारीक कडी दाखवायची. शेवटच्या ओळीत फट दिसेना, तेव्हा मी हात हलवून ‘नाही’ म्हटले, तेही तिला कळले. मग एका बाजूला लाल आणि दुसऱ्या बाजूला हिरवा पडदा दाखवून कोणता अधिक ठळक दिसतो असे विचारले. तिथेही बोट पुरले. मुलगी शेजारी उभी होती, पण तिला फारसे काही करावे लागले नाही. नंबराचे आकडेही सगळीकडे तेच असतात. दूरचा नंबर, आडवा नंबर, त्याचा कोन आणि जवळचा वाढीव नंबर हे दारव्ह्याच्या कार्डावर लिहिलेले जसेच्या तसे नागोयात वाचता आले. फरक पडतो तो नजर किती हे सांगताना. आपण सहा-सहा, सहा-नऊ म्हणतो, तिथे १.० आणि ०.७ म्हणतात, चारचाकीच्या परवान्याला दोन्ही डोळ्यांनी मिळून ०.७ लागते.

चाचणीचा चष्मा डोळ्यांवर चढवून तपासणाऱ्या पोरीने मला दुकानात फेऱ्या मारायला लावल्या, पायरी उतरायला लावली आणि मोबाईलवरची अक्षरे वाचायला सांगितली. प्रोग्रेसिव्ह काचेत वरून दूरचे आणि खालून जवळचे दिसते, कडेला मात्र जरा वाकडे दिसते. त्या वाकडेपणाची सवय होणार की नाही हे असे चालल्याशिवाय समजत नाही. एवढा वेळ आमच्या तालुक्याच्या दुकानात कोणी देत नाही, आणि बाजाराच्या दिवशी बाहेर रांग लागलेली असताना त्याने तो द्यावा असे म्हणणेही रास्त नाही. माझी काच मागवावी लागणार होती, म्हणून मला पुन्हा यायला सांगितले. यजमानांचा फक्त वाचायचा चष्मा होता, तो तासाभरात तयार होईल असे म्हणाले. तेवढ्या वेळात जेवून घ्यावे म्हणून आम्ही त्याच इमारतीतल्या वरच्या मजल्यावर गेलो, आणि अडचण तिथे सुरू झाली.

जपानी उपाहारगृहांच्या दारातल्या काचेच्या कपाटात प्रत्येक पदार्थाची हुबेहूब प्रतिकृती मांडलेली असते. भाताचे शीत, कांद्याची पात, रश्श्यावर तरंगणारा तेलाचा थेंब, सगळे प्लॅस्टिकचे आणि सगळे खऱ्यासारखे. हा धंदा मोठा करणारे इवासाकी ताकिझो हे गुजो हाचिमानचे. ते गाव नागोयाच्या उत्तरेला गिफू प्रांतात आहे आणि आजही तिथे या प्रतिकृती बनतात. भाषा न येणाऱ्या माणसाला याहून मोठी सोय नाही. काय हवे त्यावर बोट ठेवायचे. कित्येक ठिकाणी तर दाराशीच यंत्र असते, त्यात पैसे टाकून बटण दाबले की तिकीट येते आणि ते आत दिले की ताट येते. बक्षिशी द्यायची पद्धत नाही. गार पाणी न मागता येते. टेबलावर घंटीचे बटण असते, त्यामुळे वाढप्याला हाका मारायच्या नाहीत. पैसेही हातात न देता गल्ल्यावरच्या छोट्या तबकात ठेवायचे.

इतके सगळे डोळ्यांपुढे मांडलेले असूनही माळकऱ्याला जे कळायला हवे ते त्या कपाटात दिसत नाही, कारण ते रश्श्यात विरघळलेले असते. जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे दाशी नावाचे पाणी. कोंबू हे समुद्री शेवाळ आणि कात्सुओबुशी, म्हणजे धुरावर वाळवून लाकडासारखा कडक केलेला बोनिटो मासा किसून, यांपासून ते बहुधा बनवतात. उदोनच्या जाड शेवयांचा रस्सा, मिसोचे सूप, भज्यांसारख्या तेंपुराबरोबर येणारी चटणी, शिजवलेल्या भाज्या, या सगळ्यांत ते असते. मुलीने उदोनची वाटी पुढे करून हे सांगितले, तेव्हा यजमान बराच वेळ त्या स्वच्छ, तपकिरी पाण्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “हे तं निस्तं पाणी दिसून रायलं, याच्यात मासोयी कुठी आहे?” प्रश्न चुकीचा नव्हता. मासा काढून टाकलेलाच असतो, चव तेवढी मागे राहते. आणि तिथल्या बऱ्याच लोकांच्या दृष्टीने अशा वाटीत मांस-मासे काहीच नसते. ‘यात मासे आहेत का’ असे विचारले तर प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असे येऊ शकते. ‘दाशी कशाची आहे’ असे विचारावे लागते.

मुलीने मग एका कागदावर जपानीत लिहून दिले की हे गृहस्थ मांस, मासे, अंडी आणि माशांची दाशी खात नाहीत. वाढपी तो कागद घेऊन आत जायचे, आचारी बाहेर यायचा, दोघे वाकून दिलगिरी व्यक्त करायचे आणि आम्ही उठायचो. आमच्यावर कोणी चिडले नाही. उलट एवढ्या अदबीने नकार मिळायचा की यजमानांनाच संकोच व्हायचा. मोठ्या साखळी उपाहारगृहांत ॲलर्जीचे तक्ते असतात, पण त्यांचा आम्हाला उपयोग झाला नाही, कारण त्या तक्त्यांत अंडे, दूध, गहू, कोळंबी, शेंगदाणा यांसारखे जिन्नस असतात आणि दाशीचा बोनिटो त्यात येत नाही. डोळ्याचे दुखणे बोटाने सांगता येते. व्रत सांगायला मात्र भाषा लागते, आणि समोरच्याला ते व्रत माहीत असावे लागते.

भारतीय जेवण मिळत नाही असेही नाही. जपानभर ‘इंडियन करी’ची दुकाने आहेत आणि त्यांतली पुष्कळशी नेपाळी लोक चालवतात. तिथला नान ताटाबाहेर लोंबेल एवढा मोठा आणि किंचित गोड असतो, आणि भाज्या जपानी जिभेला सोसतील अशा सौम्य. सावजीच्या रश्श्यावर वाढलेल्या मुलखातल्या कोणालाही तिथे रडू येईल. आम्ही गेलो तिथला आचारी पोखऱ्याकडचा होता. यजमानांनी त्याच्याशी हिंदीत शेतीच्या गप्पा सुरू केल्या, त्याच्याही घरी धान आणि मका होता, आणि थोड्या वेळाने तो मेनूत नसलेले वरण लसणाची खमंग फोडणी देऊन घेऊन आला. बाजूला चार हिरव्या मिरच्या तळून ठेवल्या होत्या.

सकाळचा प्रश्न आयची प्रांतानेच सोडवला. या भागात सकाळी कॉफी मागितली की तिच्याच किमतीत टोस्ट आणि उकडलेले अंडे मिळते. असे सांगतात की शेजारच्या इचिनोमिया या कापडगिरण्यांच्या गावात मागांच्या खडखडाटात बोलणे ऐकू येईना, म्हणून गिरणीवाले सौदे करायला कॉफीच्या दुकानात येऊन बसत, आणि त्या नेहमीच्या गिऱ्हाइकांसाठी दुकानदारांनी कॉफीबरोबर दाणे आणि अंडे द्यायला सुरुवात केली. आता बऱ्याच दुकानांत अंड्याऐवजी लाल चवळीसारख्या दाण्याचे गोड सारण मागता येते. ते टोस्टवर पसरून पहिला घास घेतल्यावर यजमानांनी आपला निकाल दिला की हे म्हणजे वेलदोडा घालायला विसरलेले पुरण आहे, आणि मग रोज सकाळी आठाच्या ठोक्याला ते बूट घालून दाराशी उभे राहू लागले.

माझा चष्मा आला, चांगला आला. पण कृषी केंद्रावर बसून पत्रके वाचणारी मी बाई, जपानचा चष्मा कुठे बनतो हे पाहिल्याशिवाय मला राहवले नाही. नागोयाहून शिरासागी गाडीने त्सुरुगाला जायचे आणि तिथून स्थानिक गाडीने साबाएला उतरायचे. साबाए हे फुकुई प्रांतातले यवतमाळपेक्षाही लहान शहर आहे; जपानमध्ये बनणाऱ्या चष्म्यांच्या फ्रेमांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक फ्रेमा या शहरात आणि त्याच्या आसपास बनतात. तिथल्या चष्मा संग्रहालयाच्या माथ्यावर भला मोठा लाल चष्मा लावलेला आहे.

या धंद्याची सुरुवात शेतीतून झाली, हे मला ठाऊक नव्हते. फुकुईत हिवाळ्यात एवढे बर्फ पडते की धानाची कापणी झाल्यावर पुढचे काही महिने शेतात काहीच करता येत नाही. मासुनागा गोझाएमोन नावाच्या गावच्या प्रतिष्ठित माणसाने १९०५ साली ओसाकाहून कारागीर आणले आणि शेतकऱ्यांच्या मुलांना फ्रेम बनवायला शिकवले. शिक्षण आणि छापील वर्तमानपत्रे वाढत होती, म्हणजे चष्मेही वाढणार, असा त्यांचा हिशोब होता. शिकून तयार झालेली माणसे आपापली कामे मांडून बसली आणि हळूहळू गावेच्या गावे या कामाला लागली. आजही एक फ्रेम दोनशेच्या आसपास टप्प्यांतून जाते आणि ते सगळे एका छताखाली होत नाहीत. कोणी फक्त बिजागऱ्या करतो, कोणी फक्त पॉलिश. मला हे वाचून आमचे मागचे-पुढचे जोडधंद्याचे मेळावे आठवले. आमच्याकडे शेळ्या वाटल्या, शिलाई यंत्रे वाटली, अगरबत्तीचे प्रशिक्षण दिले. माल कोण घेणार हे मात्र मेळाव्याच्या मांडवात कोणी सांगितले नाही. मासुनागांनी आधी गिऱ्हाईक पाहिले आणि मग हत्यार हाती दिले. बर्फही त्यांच्या कामी आले, हे खरे. आमचा उन्हाळा तसा कोणाच्या कामी येत नाही.

साबाएने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला टायटॅनियमच्या फ्रेमा करायला घेतल्या, आणि मला हवी होती ती हीच वस्तू. विदर्भाच्या उन्हात, पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना, घामाने साध्या धातूची फ्रेम नाकाजवळ आणि बिजागरीपाशी हिरवी पडते, कळकते, आणि पुष्कळांच्या कातडीला त्यातल्या निकेलची खाज सुटते. टायटॅनियमला घामाचे काही होत नाही आणि ते वजनाला इतके हलके असते की नाकावर वळ उठत नाहीत. किंमत नागोयाच्या दुकानातल्या चष्म्याच्या कित्येक पट होती. यजमानांनी चिठ्ठी पाहिली, मनातल्या मनात तिचे तुरीच्या पोत्यांत रूपांतर केले आणि काही न बोलता बाहेर जाऊन उभे राहिले. मी नुसती फ्रेम घेतली, काच घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांची भरपाई झाली. फुकुईहून बसने एइहेइजी या झेन मठाला जाता येते. दोगेन या आचार्यांनी तो १२४४ साली स्थापला. मठांतल्या शोजिन स्वयंपाकात मांस-मासे नसतातच, पण कांदा-लसूणही चालत नाही, आणि रस्सा फक्त कोंबू आणि वाळवलेल्या अळंब्यांचा असतो. मठाच्या पायथ्याशी असलेल्या एका घरगुती उपाहारगृहात मी सवयीने मुलीचा कागद पुढे केला. मालकीणबाईंनी तो वाचला, हसून दोन्ही हातांनी परत दिला आणि सगळ्यांना दिसेल असे मठाकडे बोट केले. तीळ वाटून त्यात कुडझू नावाच्या वेलीच्या मुळांचे सत्त्व घालून थिजवलेली पांढरी मऊ वडी, भात, लोणचे, सोललेल्या सोयाबीनची भाजी. सोयाबीन आम्ही पोत्यांनी विकतो, पण आमच्या घरात त्याची भाजी कधी शिजलेली नाही. यजमानांनी भात दोनदा मागून घेतला.

ज्यांचे कोणी तिकडे राहते त्यांनी आपल्या नंबराचे कार्ड सोबत न्यावे, त्यावर दोन बुबुळांमधले अंतरही लिहून घ्यावे. मात्र दुसऱ्या कोणासाठी चष्मा आणू नये. आमच्या गल्लीतल्या चौघांनी मला आपापले नंबर लिहून दिले होते आणि मी ते तसेच परत आणले, कारण फ्रेम नाकाकानांवर बसवून पाहिल्याशिवाय घेण्यात अर्थ नाही. सहा महिन्यांच्या आतल्या पाहुण्यांना पासपोर्ट दाखवून काही दुकानांत करमाफी मिळते, ती आम्हाला ५,००० येनांच्या वरच्या खरेदीवर मिळाली. जेवणाचा कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवावा, तो फार हाताळला जातो.

दारव्ह्याच्या दुकानदाराने ती फ्रेम हातात घेऊन आधी तोलून पाहिली, मग दांडीच्या आतली बारीक अक्षरे भिंगाखाली धरली आणि एक बिजागरी उघडझाप करून पाहिली. काच बसवून देतो, पुढे नंबर बदलला तर पुन्हा नवी काच टाकून देतो, स्क्रू आणि नाकाच्या पट्ट्याही मिळतील, असे तो म्हणाला. साधी फ्रेम मोडली तर आमच्याकडे ती सोनाराकडून झाळून मिळते. टायटॅनियमचे तसे नाही, तापवताना हवा लागली की ते ठिसूळ होते, म्हणून जोडायला हवा वगळणारी वेगळी यंत्रणा लागते. “मॅडम, हे मोडलं तं माह्याकडं आणू नका,” त्याने आधीच सांगून टाकले, आणि मग काचेचे, कोटिंगचे असे सगळे वेगवेगळे मांडून एक आकडा काढला. यजमान खुर्ची पुढे ओढून बसले आणि म्हणाले, “जरा वाजवी लावा जी.”